दुसरी, फिकी छाप : मुद्राचित्रकार देगा

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार एदगार देगा याला मुद्राचित्रकार म्हणणे कितपत योग्य आहे, असा प्रश्न कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे : एका प्लेटवरून एकसारख्या अनेक प्रती काढणे हे मुद्राचित्रणाचे लक्षण आम्हाला शिकवले जाते. देगाने आपल्या प्लेट्सच्या आवृत्त्या जवळजवळ काढल्याच नाहीत आणि त्याच्या मोनोटाइपची (न कोरलेल्या प्लेटवर शाईने काढून छापलेल्या चित्राची) तर एकच चांगली प्रत निघते. मग हे काम मुद्राचित्रणात कसे मोजायचे, आणि तैलचित्रे व पेस्टल (रंगाच्या कांड्यांनी केलेली चित्रे) यांनी नाव मिळवलेला चित्रकार या उद्योगात इतकी वर्षे का रमला?

मी गेली सत्तावीस वर्षे एचिंगच्या प्रेसवर काम करतो आहे आणि त्यातली बरीचशी शिकवण्यातही गेली आहेत, म्हणून उत्तर प्रेसच्या बाजूने देतो. देगा पूर्ण अर्थाने मुद्राचित्रकार होता, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याला प्रेसकडून जे हवे होते ते त्याच्या काळातील बहुतेकांना नको होते. इतरांना तेच चित्र जसेच्या तसे पुन्हा हवे असे, तर देगाला ते प्रत्येक वेळी थोडे बदललेले, थोडे पुढे गेलेले हवे असे. छाप हातात आली की त्याचे पुढचे काम सुरू होई. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर त्याचे एचिंग, मोनोटाइप, लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून घेतलेली छाप) आणि मोनोटाइपवर चढवलेले पेस्टल हे सगळे एकाच विचाराचे भाग आहेत हे दिसू लागते.

देगाचा जन्म १८३४ मध्ये पॅरिसमध्ये झाला. एचिंगचे पहिले धडे त्याने विशीत, वडिलांच्या परिचयातील ग्रेग्वार सुत्झो या हौशी मुद्राचित्रकाराकडे घेतले आणि पुढे इटलीत असताना जोसेफ तुर्नी या चित्रकाराच्या सहवासात त्याने रेम्ब्रांटच्या छापांचा कसून अभ्यास केला. १८५७ मधील त्याचे आत्मचित्र आणि तुर्नीचे व्यक्तिचित्र हे या काळातले. येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने रेघ ओढून धातू उघडा करतात आणि आम्लात बुडवून ती रेघ खोल खाऊ देतात. मग थर काढून संपूर्ण प्लेटवर शाई भरतात आणि वरची शाई मलमलीच्या कपड्याने पुसून टाकतात. शाई फक्त खोल रेषांत उरते आणि ओलसर कागद प्रेसच्या दाबाखाली ती उचलून घेतो. ही पुसण्याची क्रिया दिसायला साधी असली तरी छापणाऱ्याचा हात तिथेच कळतो. वरची शाई पूर्ण पुसली नाही, कुठे पातळ पडदा ठेवला, कुठे दाट सावली ठेवली, तर त्याच प्लेटवरून भर दुपारही छापता येते आणि संध्याकाळही. रेम्ब्रांट हे जाणून होता. तुर्नीच्या व्यक्तिचित्राच्या काही छापांत देगानेही शाई अशीच मागे ठेवली आहे. खोलीतला काळोख तिथे आम्लाने झालेला नाही, तो केवळ न पुसलेल्या शाईचा आहे. पंचवीस-तीस रेषा सारख्याच असलेल्या दोन छापा शेजारी ठेवल्या आणि एक सकाळची व एक रात्रीची वाटली, तर 'मूळ चित्र' नेमके कोणते, हा प्रश्न त्या वयातच देगासमोर उभा राहिला असणार.

यानंतरची काही वर्षे तो प्रामुख्याने रंगचित्रांत गुंतलेला होता. १८६० च्या दशकात त्याने एचिंगमध्ये केलेली, मित्र व चित्रकार माने याची व्यक्तिचित्रे उत्तम आहेत, पण त्यांत प्रयोगाची घाई नाही. ती घाई १८७० च्या दशकाच्या मध्यावर आली आणि तिची कारणे केवळ कलेतली नव्हती. १८७४ मध्ये वडील वारले, कुटुंबाची पेढी कर्जात बुडालेली निघाली, भावाच्या व्यवहारांचे ओझेही त्यात पडले, आणि आजवर विक्रीसाठी फारसे न धडपडणाऱ्या देगाला लवकर पूर्ण होणारी, विकली जाणारी कामे करणे भाग पडले. त्याच सुमारास आपली दृष्टी मंदावते आहे ही भीतीही त्याला सतावत होती. १८७० च्या युद्धात राष्ट्रीय रक्षक दलात असताना उजव्या डोळ्यातला दोष त्याच्या ध्यानात आला होता. बारीक रेषेपेक्षा उजेड-अंधाराच्या मोठ्या पट्ट्यांत विचार करण्याकडे त्याचा कल झुकला, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

अशा वेळी त्याला ल्युदोविक लपिक हा मित्र उपयोगी पडला. लपिकने पुसण्याचे तंत्र टोकाला नेले होते. स्केल्ट नदीकाठच्या दृश्याची एकच प्लेट वेगवेगळ्या रीतीने शाई लावून त्याने पंच्याऐंशी प्रकारांनी छापली. कधी पाऊस, कधी चंद्रप्रकाश, कधी पूर. प्लेटवर कोरलेल्या रेषा निमित्तमात्र उरल्या आणि चित्र शाईनेच घडू लागले. यापुढचे पाऊल म्हणजे कोरलेल्या रेषाच काढून टाकणे. गुळगुळीत, काहीही न कोरलेल्या प्लेटवर शाईने चित्र काढायचे आणि ते ओले असतानाच प्रेसमधून काढायचे. हाच मोनोटाइप. जिनोआच्या कास्तील्योनेने सतराव्या शतकात हे केले होते, पण नंतर ते जवळजवळ विस्मृतीत गेले. देगाच्या पहिल्या मोनोटाइपवर, म्हणजे नृत्यशिक्षकाच्या चित्रावर, लपिक आणि देगा या दोघांच्याही सह्या आहेत. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

त्यानंतर जे झाले त्याला झपाटणे हाच शब्द योग्य आहे. मार्सलँ देबुतँ या चित्रकार मित्राने १८७६ च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या एका पत्रात देगाचे वर्णन केले आहे : तो आता मित्र राहिलेला नाही, माणूसही राहिलेला नाही, तो छापण्याच्या शाईने काळी झालेली एक प्लेट झाला आहे आणि त्याच्याच प्रेसखाली माणूस आणि प्लेट दोन्ही एकत्र सपाट झाले आहेत. त्याने पुढे एकूण तीनशेहून अधिक मोनोटाइप केले. त्यांना तो मोनोटाइप म्हणत नसे. १८७७ च्या तिसऱ्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनाच्या सूचीत त्याने 'दाट, तेलकट शाईत काढून छापलेली रेखाचित्रे' अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या शब्दांत आहे. छापण्याची क्रिया त्याच्या लेखी रेखाटनाचाच एक टप्पा होती.

मोनोटाइप करण्याच्या त्याच्या दोन रीती होत्या. पहिल्या रीतीत स्वच्छ प्लेटवर कुंचल्याने किंवा बोळ्याने शाई लावून काळ्यात आकृती काढायची. दुसऱ्या रीतीत संपूर्ण प्लेट रुळाने काळीभोर करायची आणि चिंधीने, कुंचल्याच्या दांड्याने, बोटांनी शाई काढून घेत उजेड निर्माण करायचा. ही दुसरी रीत माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा शोध आहे. तिच्यात हात आकृतीची कड काढत नाही. अंधारातून उजेड जिथे फुटतो तिथून सुरुवात होते आणि आकृती त्या उजेडात हळूहळू सापडत जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात असलेले शेकोटीचे चित्र पाहा. काळ्याकुट्ट खोलीत आगीचा एक पांढरा डोंब आहे आणि त्याच्या झळीत दोन विवस्त्र स्त्रिया आहेत. त्यांच्या अंगाचा फार थोडा भाग दिसतो. उरलेला भाग पाहणारा स्वतः भरून काढतो. शाई पुसताना उमटलेले बोटांचे ठसे अशा कितीतरी चित्रांत स्पष्ट दिसतात, आणि देगाने ते झाकण्याचा प्रयत्न केलेला नाही.

हे काम ज्यांनी स्वतः केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की यात वेळेचे बंधन कडक असते. शाईचा थर जाड झाला तर प्रेसच्या दाबाने ती पसरते आणि चेहऱ्याचा चिखल होतो. पातळ झाला तर कागद काहीच उचलत नाही. कागद किती ओलसर असावा यालाही महत्त्व आहे. आमच्याकडे पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये तोच कागद दोन वेगळ्या कागदांसारखा वागतो. शिवाय प्लेटवरचे चित्र कागदावर उलटे येते, त्यामुळे जे काढले ते आणि जे निघाले ते यांत नेहमीच एक अनोळखीपणा असतो. स्वतःच्या कौशल्याची सवय झालेल्या चित्रकाराला हा अनोळखीपणा फार उपयोगी पडतो. देगा रेषेला सर्वांत महत्त्व देणाऱ्या अँग्र या चित्रकाराच्या परंपरेत वाढलेला, रेषेवर विलक्षण हुकूमत असलेला रेखाटनकार होता. आपल्याच हुकमतीच्या बाहेर पडण्याची वाट त्याला प्रेसने दाखवली, असे मी समजतो.

आता त्या दुसऱ्या छापेविषयी. मोनोटाइप एकदा छापला की प्लेटवर थोडी शाई उरते. तीच प्लेट पुन्हा कागद ठेवून प्रेसमधून काढली तर एक फिकी, धूसर प्रत मिळते. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात विद्यार्थी ही प्रत हमखास टाकून देतात आणि मी ती टोपलीतून काढून पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवतो. देगाने या फिक्या प्रतीवर आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग उभा केला. त्या छापेत चित्राची मांडणी, उजेड-अंधाराचे तोल, आकृत्यांच्या जागा हे सर्व आधीच असते, पण इतके पुसट की त्यावर पेस्टलने हवा तो रंग चढवता येतो. ऑर्से संग्रहालयातील 'तारका' हे प्रसिद्ध चित्र, ज्यात रंगमंचावर एकटी नर्तकी खालून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात पुढे झेपावते आहे, ते मोनोटाइपवर केलेले पेस्टल आहे. पेस्टलच्या खालून शाईचा तो करडा पाया सगळीकडे श्वास घेतो, म्हणून रंगमंचाची पोकळी इतकी खरी वाटते. रात्रीच्या कॅफेच्या गच्चीवर बसलेल्या स्त्रियांचे चित्रही याच प्रकारचे आहे. ही दोन्ही चित्रे १८७७ च्या प्रदर्शनात होती आणि दोन्ही गुस्ताव्ह कायबोत या चित्रकार मित्राच्या संग्रहातून पुढे फ्रेंच सरकारकडे आली. त्याच सुमारास मेरी कसॅट या चित्रकर्तीच्या सल्ल्यावरून ल्युइझीन एल्डर या तरुण अमेरिकन मुलीने पाचशे फ्रँकला देगाचे बॅले-तालमीचे एक चित्र घेतले, तेही मोनोटाइपवर पेस्टल आणि गुआश (अपारदर्शक जलरंग) चढवलेलेच होते. पैशांची निकड असलेल्या चित्रकाराला एका बैठकीतून दोन चित्रांचा पाया मिळत होता, ही गोष्ट मी कमी लेखत नाही. मात्र निकड संपल्यावरही त्याने ही पद्धत सोडली नाही, यावरून ती केवळ सोय नव्हती हे दिसते.

मोनोटाइपमुळे त्याच्या विषयांनाही नवी मोकळीक मिळाली. सार्वजनिक प्रदर्शनात जे रंगवणे शक्य नव्हते ते त्याने या लहान, खासगी कागदांवर केले : वेश्यागृहातील स्त्रिया, गिऱ्हाइकाची वाट पाहत कंटाळलेल्या, बसलेल्या, एकमेकींशी बोलणाऱ्या. त्यांत उपदेश नाही आणि शृंगाराची सजावटही नाही. मित्र ल्युदोविक आलेवी याच्या कार्दिनाल कुटुंबाच्या कथांसाठी त्याने ऑपेराच्या पडद्यामागची दृश्ये मोनोटाइपमध्ये केली, पण ती पुस्तकात आली ती त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. एका वहीत त्याने करायच्या चित्रांची टिपणे केली आहेत, त्यांत धुरावर एक संपूर्ण मालिका सुचवली आहे : ओढणाऱ्यांचा धूर, पाइपचा, सिगारेटचा, आगगाडीच्या इंजिनाचा, उंच धुरांड्यांचा, कारखान्यांचा, आगबोटींचा. कारखान्याच्या धुराचा त्याचा एक मोनोटाइप उपलब्ध आहे आणि त्यात जवळजवळ धुराशिवाय काही नाही. धूर काढण्यासाठी शाई चिंधीने पुसून अर्धवट ठेवणे याहून योग्य साधन मला तरी माहीत नाही. विषय आणि हाताची क्रिया तिथे एक झालेली आहे.

१८७९-८० हा त्याच्या एचिंगचा सर्वांत समृद्ध काळ होता. मेरी कसॅट, कामीय पिसारो आणि फेलिक्स ब्राकमाँ या कलावंतांना बरोबर घेऊन त्याने 'दिवस आणि रात्र' या नावाचे मुद्राचित्रांचे नियतकालिक काढायचे ठरवले. त्या नावातच काळ्या-पांढऱ्याचा विचार होता. सर्वजण कामाला लागले, देगाच्या प्रेसवर प्रूफे निघू लागली, पिसारो पाँत्वाजमध्ये राहत असल्यामुळे आणि त्याच्याकडे प्रेस नसल्यामुळे त्याच्या प्लेट्स देगाने स्वतः छापल्या. पिसारोच्या काही छापांवर तशी नोंद आहे. नियतकालिक मात्र कधीच निघाले नाही. कसॅटच्या आईने एप्रिल १८८० मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की देगाने सर्वांना कामाला जुंपले, मेरीला रंगचित्रांसाठी वेळच उरला नाही, आणि वेळ आली तेव्हा देगा नेहमीप्रमाणे तयार नव्हता. ती तक्रार रास्त आहे. पण या अपयशी योजनेतून कसॅट जे शिकली ते १८९१ मधल्या तिच्या दहा रंगीत मुद्राचित्रांत फळाला आले, आणि पिसारोनेही एकाच प्लेटच्या निरनिराळ्या अवस्था, म्हणजे प्लेटवर बदल करत टप्प्याटप्प्याने घेतलेल्या छापा, एका चौकटीत मांडून १८८० च्या प्रदर्शनात ठेवल्या. चित्राच्या वाढीचे टप्पे हेच प्रदर्शनाचे चित्र, असे म्हणण्याचे धाडस त्या मांडणीत होते.

त्या वर्षी देगाने पिसारोला लिहिलेले एक पत्र माझ्यासारख्या माणसाला कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचे वाटते, कारण त्यात एक कारागीर दुसऱ्या कारागिराशी बोलतो आहे. अॅक्वाटिंटमध्ये प्लेटवर राळेचे बारीक कण पसरून आम्लाला त्यांच्यामधल्या फटींतून खाऊ देतात, म्हणजे रेषेऐवजी करडा पट्टा मिळतो. नेहमीच्या पद्धतीत राळेची पूड उडवून बसवतात. देगा पिसारोला वेगळी कृती सांगतो : प्लेट अगदी गुळगुळीत असू दे, खडूच्या पुडीने तिच्यावरचा तेलकटपणा पूर्ण काढ, तीव्र अल्कोहोलमध्ये राळ विरघळव आणि छायाचित्रकार काचेवर कलोडियन ओततात तसे ते द्रावण प्लेटवर ओतून प्लेट तिरकी धरून नीट निथळू दे, अल्कोहोल उडून गेले की राळेचा थर कणांच्या रूपात मागे राहील, आणि आम्लात जितका वेळ ठेवशील तितके जाळे खोल होईल. मी हे अनेकदा करून पाहिले आहे. द्रावणातले राळेचे प्रमाण, ओतण्याचा वेग, खोलीतली हवा यांनुसार कणांची रचना दर वेळी बदलते. कधी ती वाळूसारखी, कधी तडकलेल्या मातीसारखी येते. ज्याला प्रत्येक वेळी तेच हवे आहे त्याने ही कृती वापरू नये. देगाने ती आनंदाने स्वीकारली आणि मित्रालाही शिकवली.

त्याच काळातील 'लूव्हरमध्ये मेरी कसॅट' या विषयाच्या दोन प्लेट्स शेजारी ठेवून पाहिल्या तर त्याची विचार करण्याची रीत कळते. पहिलीत कसॅट छत्रीवर रेलून, आपल्याकडे पाठ करून एट्रुस्कन दालनातल्या शवपेटीकडे पाहते आहे आणि तिची बहीण पुस्तिका हातात घेऊन बसली आहे. दुसरीत त्याने याच दोन आकृत्या उचलल्या, एकीवर दुसरी सरकवली आणि सुमारे तीस सेंटिमीटर उंच व जेमतेम साडेबारा सेंटिमीटर रुंद अशा अरुंद पट्टीत त्यांना दाराच्या चौकटीआड दाबून बसवले. जपानमधील खांबावर टांगायच्या उभ्या चित्रांची आठवण या आकाराने होते. या दुसऱ्या प्लेटच्या वीसहून अधिक अवस्था ज्ञात आहेत. प्रत्येक अवस्थेसाठी त्याने प्लेटवर काहीतरी खरवडले, पुन्हा आम्लात घातले, अॅक्वाटिंट चढवले, ड्रायपॉइंटने (आम्लाविना, थेट धातूवर सुईने) रेघ ओढली, आणि एक-दोन प्रूफे काढून पुन्हा सुरुवात केली. भिंत उजळते, पुन्हा काळवंडते. जमिनीवर पट्टे येतात. पोशाख गडद होत जातो. यातली शेवटची अवस्था सर्वांत चांगली आहे, असे मी म्हणू शकत नाही. मधल्या काही अवस्था मला अधिक मोकळ्या वाटतात. पुढे सुमारे १८८५ मध्ये त्याने यातलीच एक छाप बाहेर काढून तिच्यावर पेस्टल चढवले. ती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीचे प्रूफ त्याला अजून ताजे वाटत होते.

'स्नानानंतर बाहेर येताना' ही छोटी प्लेट तर जेमतेम तळहाताएवढी आहे, तिच्याही बावीस अवस्था नोंदवल्या गेल्या आहेत. अलेक्सी रुआर या मित्राच्या घरी बर्फाळ हवेमुळे अडकून पडला असताना त्याने प्लेट मागितली आणि विजेच्या दिव्यातील कोळशाच्या कांडीने तिच्यावर काम केले, अशी हकिकत नोंदवलेली आहे. या कांडीची रेघ सुईसारखी एकसंध नसून करड्या, भुरभुरीत ओरखड्यांची असते. त्या काळी विजेचा कंस-दिवा ही नवलाईची वस्तू होती. देगाने त्यातला टाकाऊ कोळसा उचलून रेखाटनाचे साधन केला.

लिथोग्राफीविषयी थोडक्यातच सांगतो. १८७६-७७ च्या सुमारास त्याने कॅफेतील गायिकांची लिथोग्राफ केली. त्यांतील मादमोआझेल बेका 'अँबॅसडर्स' कॅफेत गाताना दाखवणारे काम दिव्यांच्या गोळ्यांसाठी आणि पाण्यासारख्या हलत्या उजेडासाठी पाहावे. इथेही त्याने मोनोटाइपची छाप ओली असतानाच दगडावर उतरवून, मग त्या दगडावर पुढे काम करण्याचा मार्ग वापरला. १८९१ मध्ये त्याने एका मित्राला लिहिले की स्नान करणाऱ्या विवस्त्र स्त्रियांची आणि विवस्त्र नर्तकींची अशा दोन लिथोग्राफ-मालिका करण्याचा आपला बेत आहे. उभी राहून अंग पुसणाऱ्या स्त्रीचे लिथोग्राफ त्या बेतातून आले आणि अवस्थेमागून अवस्था बदलत गेले. बेत पूर्ण झाला नाही.

त्याआधी, ऑक्टोबर १८९० मध्ये एक अनपेक्षित वळण आले. शिल्पकार बार्तोलोमे याच्याबरोबर तो एका घोड्याच्या हलक्या गाडीतून बर्गंडीत दिएने येथे राहणाऱ्या जोर्ज जानियो या चित्रकाराच्या घरी गेला. जानियोकडे प्रेस होती. देगाने प्लेट, रंग आणि बोळे मागून घेतले आणि वाटेत पाहिलेली दृश्ये समोर काहीही नसताना, आठवणीतून, रंगीत तैलरंगात प्लेटवर काढायला सुरुवात केली. जानियोने लिहून ठेवले आहे की बघता बघता प्लेटवर दरी, आकाश, झाडे उमटू लागली. आयुष्यभर घराबाहेर बसून निसर्ग रंगवण्याला विरोध करणाऱ्या माणसाने सुमारे पन्नास निसर्गदृश्ये अशी केली. त्यांत टेकडी कुठे संपते आणि ढग कुठे सुरू होतो हे सांगणे अवघड आहे. रंगाचे डाग प्रेसखाली पसरून एकमेकांत मिसळले आहेत आणि काहींवर त्याने नंतर पेस्टलने मोजकेच काम केले आहे. १८९२ मध्ये दुराँ-र्‍युएल या कलाविक्रेत्याच्या दालनात ती दाखवली गेली. ही तुमच्या मनाची अवस्था आहे का, असे आलेवीने विचारले तेव्हा देगाने तो मोठा शब्द नाकारला आणि ही डोळ्यांची अवस्था आहे अशा अर्थाचे उत्तर दिले. ज्याची दृष्टी क्षीण होत होती त्याच्या तोंडचे हे उत्तर आहे, हे विसरता येत नाही.

छापेची ही सवय त्याच्या इतर कामांतही शिरली. उतारवयात तो कोळशाने काढलेल्या चित्रावर ओला कागद ठेवून प्रेसने त्याची उलटी प्रत घेई आणि त्या प्रतीवर नवे चित्र सुरू करी. ट्रेसिंग कागदावर एकच आकृती उतरवून घेत, थोडी वळवत, तो मालिका उभ्या करी. एकच विषय दहा वेळा, शंभर वेळा करायला हवा, असे त्याने १८८६ मध्ये बार्तोलोमेला लिहिले होते. मेणाच्या मूर्तींतही तेच. त्याच्या हयातीत चौदा वर्षांच्या नर्तकीची एकच मूर्ती, १८८१ मध्ये, प्रदर्शनात आली आणि बाकीच्या त्याच्या स्टुडिओत मोडत, जोडत, बदलत राहिल्या.

आता आवृत्तीच्या मुद्द्याकडे येतो. क्रमांक घातलेली, सही केलेली, ठरावीक प्रतींची आवृत्ती ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाराच्या गरजेतून घट्ट झाली. प्रती मोजक्या असाव्यात आणि सारख्या असाव्यात, ही ग्राहकाची मागणी होती. ती गैर नाही. मी स्वतः आवृत्त्या काढतो आणि विकतो. पण माध्यमाची व्याख्या तिच्यावरून करता येत नाही. ज्यात चित्र एका पृष्ठभागावर घडते आणि दाबाने दुसऱ्या पृष्ठभागावर जाते, आणि त्या जाण्यात जे बदलते ते कलावंत स्वीकारतो, ते मुद्राचित्रण, अशी व्याख्या मी माझ्या वर्गात वापरतो. एचिंग आणि लिथोग्राफ मिळून देगाची कामे पासष्टच्या आसपास आहेत. संख्येने ती फार नाहीत. पण त्यांतल्या प्रत्येकाची छाप वेगळी आहे, आणि मोनोटाइप धरले तर या व्याख्येत त्याच्याइतका चपखल बसणारा एकोणिसाव्या शतकातला दुसरा कलावंत मला सुचत नाही.

त्याच्या हयातीत यातले फार थोडे लोकांनी पाहिले. १९१७ मध्ये तो वारला आणि १९१८ मध्ये त्याच्या स्टुडिओतील मुद्राचित्रांचा स्वतंत्र लिलाव झाला तेव्हा ही कामे मोठ्या संख्येने बाहेर आली. वेश्यागृहाच्या मोनोटाइपपैकी काही पुढे पिकासोने मिळवले. १९७१ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना त्याने एचिंगची जी मालिका केली, तिच्यात कोट घातलेला, दाढीवाला देगा बाजूला उभा राहून स्त्रियांकडे पाहताना वारंवार दिसतो.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने आता एक करून पाहावे, असे मी सुचवतो. एक गुळगुळीत प्लेट घ्यावी, रुळाने ती पूर्ण काळी करावी, खोलीत एकच दिवा ठेवून समोर जे असेल ते फक्त चिंधीने पुसून काढावे आणि छापावे. पहिली छाप बाजूला वाळत ठेवावी, तिच्याकडे पाहू नये. मग प्लेटला पुन्हा शाई न लावता दुसरा ओलसर कागद ठेवून, दाब थोडा वाढवून, दुसरी छाप काढावी. ती फिकी, अर्धवट प्रत भिंतीवर आठवडाभर लावून ठेवावी आणि मग रंगाच्या कांड्या घेऊन तिच्यासमोर बसावे.